खेळाडूंचे आकडे : कुणी मोजले, काय मोजले?

ढोकी हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातले गाव. तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ते जिल्ह्याबाहेरही अनेकांना ठाऊक आहे. उसाच्या गावातल्या मुलांना मोजमापाची एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. उसाची गाडी काट्यावर चढते, वजन होते आणि ते त्या शेतकऱ्याच्या नावावर लिहिले जाते. उसातली साखर मात्र अशी एकेकाच्या नावावर लिहिली जात नाही. उतारा काढतात तो कारखान्यात आलेल्या साऱ्या उसाचा मिळून, आणि भाव ठरताना हाच सरासरी उतारा धरतात. एखाद्याचा ऊस अधिक गोड असला तरी त्या गोडीचे पैसे त्याला वेगळे मिळत नाहीत. वजन एकेकाचे मोजणे सोपे असते. गोडी एकेकाची मोजणे कष्टाचे आणि खर्चाचे असते. म्हणून एक आकडा व्यक्तीचा होतो आणि दुसरा सर्वांचा मिळून राहतो.

सांघिक खेळात हाच प्रश्न पुन्हा भेटतो. सामना संघ जिंकतो. मग त्या विजयातला कोणता भाग कोणत्या खेळाडूच्या नावावर लिहायचा? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळे दिले आहे. त्याचाच थोडा इतिहास या लेखात पाहू. सुरुवात बास्केटबॉलपासून करू आणि शेवटी आपल्या खो-खोच्या मैदानावर येऊ.

काठीवरच्या खाचांपासून तक्त्यापर्यंत

मोजणीची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे खूण करणे. दुधाचा रतीब घालणारे भिंतीवर रेघा ओढत, तसेच अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या धावा काठीवर खाचा पाडून मोजत. दहावी खाच जरा खोल असे. या पद्धतीत संघाची बेरीज कळे, पण कोणती धाव कोणाची हे काठीला सांगता येत नसे. त्यासाठी कागद हवा आणि कागदावर नावे हवीत. १७४४ साली झालेल्या केंट विरुद्ध इंग्लंड या सामन्यातील फलंदाजांच्या वैयक्तिक धावा आज उपलब्ध आहेत. असे इतके जुने तक्ते अगदी मोजके आहेत.

आता गंमत पाहा. त्या जुन्या तक्त्यांत फलंदाज झेलबाद झाला, तर झेल घेणाऱ्याचे नाव लिहीत. चेंडू टाकून फलंदाजाला फसवणाऱ्या गोलंदाजाचे नाव तेथे नसे. त्रिफळा उडाला तरच बळी गोलंदाजाच्या खात्यावर जाई. एकोणिसाव्या शतकात बराच काळ लोटल्यावर ही रीत बदलली. खेळ तोच होता, गोलंदाजही तेच काम करीत होता. फक्त तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

हा तक्ता पुढे अमेरिकेत गेला. लहानपणी इंग्लंडहून न्यूयॉर्कला आलेले हेन्री चॅडविक हे क्रिकेटच्या बातम्या लिहीत. पुढे ते बेसबॉलकडे वळले आणि १८५९च्या सुमारास त्यांनी क्रिकेटच्या धर्तीवर बेसबॉलच्या सामन्याचा तक्ता छापायला सुरुवात केली. डावीकडे खेळाडूंची नावे आणि वर रकान्यांची शीर्षके, असा हा चौकोन. सामना न पाहिलेल्या माणसालाही तो वाचून सामन्याचा अंदाज घेता येई. बास्केटबॉलचा तक्ता हा याच घराण्यातला.

बास्केटबॉलमध्ये रकाने वाढत गेले

बास्केटबॉलचा पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला होता. प्रत्येक बाजूला ९ खेळाडू होते आणि सामन्याचा निकाल लागला १-०. पूर्ण सामन्यात एकच बास्केट! अशा सामन्याचा तक्ता करायचा तर एका खेळाडूपुढे १ आणि उरलेल्या सतराजणांपुढे शून्य. म्हणजे ते सतराजण रिकामे उभे होते काय? मुळीच नाही. पण गुणांचा एकच रकाना ठेवला की असे दिसते.

पुढे खेळाडू पाच झाले, गुण वाढले आणि रकानेही वाढले. अमेरिकेतील एनबीए ही व्यावसायिक स्पर्धा १९४६-४७च्या हंगामात सुरू झाली, तेव्हापासून गुणांबरोबर असिस्ट, म्हणजे ज्या पासमुळे सहकाऱ्याला बास्केट करता आली तो पास, मोजला जाऊ लागला. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडणे, १९५०-५१पासून मोजू लागले. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावणे (स्टील) आणि त्याचा नेम हवेतच अडवणे (ब्लॉक) यांना रकाना मिळाला तो १९७३-७४मध्ये. कोणी किती वेळा चेंडू गमावला हे खेळाडूनिहाय लिहिणे १९७७-७८मध्ये सुरू झाले.

हा क्रम लक्षात घ्या. आधी आक्रमण मोजले गेले. बचावाची पाळी एनबीए सुरू झाल्यावर सुमारे २७ वर्षांनी आली. बोस्टन सेल्टिक्स संघाचे बिल रसेल हे नेम अडवण्यासाठी विख्यात होते. १९५६ ते १९६९ या काळात ते १३ हंगाम खेळले आणि त्यांतले ११ त्यांच्या संघाने जिंकले. त्यांनी एकूण किती नेम अडवले? अधिकृत नोंदीत याचे उत्तर नाही, कारण ते खेळत होते तेव्हा हा रकानाच नव्हता. ज्या कौशल्यासाठी माणूस ओळखला गेला, नेमके तेच आकड्यांत नाही.

आज दोन देशांच्या संघांत बास्केटबॉलचा सामना झाला की काही मिनिटांत तक्ता तयार होतो. त्यात मैदानावर घालवलेली मिनिटे, टाकलेले आणि साधलेले नेम, फ्री थ्रो, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, गमावलेले चेंडू, फाउल आणि शेवटी 'अधिक-उणे' असा एक रकाना असतो. खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, यांतला फरक म्हणजे अधिक-उणे.

अशा तक्त्याचा गणिताच्या तासाला चांगला उपयोग होतो. आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा असतो आणि एका वेळी पाचजण खेळतात. म्हणून जादा वेळ दिला नसेल तर एका संघाच्या मिनिटांची बेरीज २००च यायला हवी. अधिक-उणेच्या रकान्याची बेरीज किती यावी? जुलै २०१७मध्ये बंगळूरु येथे आशियाई महिला स्पर्धेच्या 'ब' विभागाचा अंतिम सामना भारताने कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. फरक २ गुणांचा. प्रत्येक गुणाच्या वेळी पाचजणी मैदानावर असतात, म्हणून भारताच्या रकान्याची बेरीज २ × ५ = १० आणि कझाकस्तानच्या रकान्याची उणे १०. विद्यार्थ्यांना आधी उत्तर न सांगता हे कोडे घालून पाहावे.

या रकान्यांपासून एकच आकडा काढण्याची एक रीत आहे. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक यांची बेरीज करायची. तिच्यातून हुकलेले नेम, हुकलेले फ्री थ्रो आणि गमावलेले चेंडू वजा करायचे. समजा, एका खेळाडूचे १८ गुण, ३ रिबाउंड आणि १ असिस्ट आहेत, पण ११ नेम व १ फ्री थ्रो हुकले आणि ४ चेंडू गेले. २२ वजा १६, म्हणजे ६. दुसरीचे गुण ६च आहेत, पण ७ रिबाउंड, ४ असिस्ट, २ स्टील, १ ब्लॉक, हुकलेले नेम ३ आणि गमावलेले चेंडू २. २० वजा ५, म्हणजे १५. टाळ्या पहिलीला मिळाल्या असतील. मात्र हा १५देखील अंतिम सत्य नव्हे. एक रिबाउंड आणि एक गुण यांची किंमत सारखी, हे कुणीतरी ठरवलेले आहे. निसर्गाने ते ठरवलेले नाही.

खो-खोने वेळ मोजला

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे येऊ. धाराशिव जिल्ह्यात खो-खोचे वेड मोठे आहे. २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. तेथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तेथील विजेत्या महिला संघातही या जिल्ह्याच्या अश्विनी शिंदे होत्या.

खो-खोचे नियम लेखी स्वरूपात येऊ लागले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४मध्ये हे काम हाती घेतले आणि १९२४मध्ये बडोद्याहून नियम छापून निघाले. या खेळाच्या नोंदीत एक वैशिष्ट्य आहे. वर्तमानपत्रातली बातमी आठवा. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे कंसात '२.४०, १.५० मि. व ३ गडी' असे लिहिलेले असते. म्हणजे पहिल्या डावात तिने २ मिनिटे ४० सेकंद संरक्षण केले, दुसऱ्या डावात १ मिनिट ५० सेकंद केले आणि आक्रमणात ३ गडी बाद केले. बास्केटबॉलने बचाव मोजायला इतकी वर्षे घेतली. खो-खोच्या नोंदीत मात्र बचावाचा आकडा आक्रमणाच्या आधी येतो, आणि तो घड्याळाचा असतो.

इतकेच काय, गुण बरोबरीत सुटले तरी निकाल घड्याळच लावते. 'लघुत्तम आक्रमण' खेळवतात आणि पहिला गडी कमी वेळात बाद करणारा संघ जिंकतो.

पण वेळ हाताळताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिली जागा टिंबाची. २.४० मधले टिंब दशांशचिन्ह नव्हे. २.४० आणि १.५० यांची विद्यार्थी पटकन ३.९० अशी बेरीज करतात आणि सरासरी १.९५ काढतात. १ मिनिट ९५ सेकंद कधी ऐकले आहेत काय? खरी बेरीज १६० + ११० = २७० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे ३० सेकंद, आणि सरासरी २ मिनिटे १५ सेकंद.

दुसरी जागा 'नाबाद'ची. समजा, एका खेळाडूचे तीन डाव असे आहेत : २.१० बाद, १.२० नाबाद, ३.०० बाद. एकूण ३९० सेकंद. तिनाने भागले तर सरासरी २.१० येते. परंतु मधल्या डावात ती बाद झालीच नव्हती. वेळ संपली म्हणून तिचे धावणे थांबले. ती आणखी किती टिकली असती, हे घड्याळ सांगू शकत नाही. क्रिकेटमध्ये धावांना डावांनी न भागता बाद होण्याच्या संख्येने भागतात, तसे येथे केले तर ३९० ÷ २ = १९५ सेकंद, म्हणजे ३.१५. दोन्ही सरासऱ्या बरोबर काढलेल्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिली सांगते की एका डावात ती मैदानावर किती वेळ होती. दुसरी सांगते की तिला बाद करायला साधारण किती वेळ लागतो.

एका अंतिम सामन्याची उकल

१९ जानेवारी २०२५ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळवला. पुण्याच्या प्रियांका इंगळे कर्णधार होत्या. या स्पर्धेचे नियम आपल्या नेहमीच्या नियमांहून वेगळे होते. एकूण चार पाळ्या, प्रत्येकी ७ मिनिटांच्या. बाद केलेल्या प्रत्येक गड्याला २ गुण. शिवाय संरक्षणाची एक तुकडी ३ मिनिटे टिकली तर तिच्या संघाला १ गुण आणि पुढच्या दर ३० सेकंदांना आणखी १ गुण. याला 'ड्रीम रन' म्हणतात. प्रत्येक पाळीअखेर गुणफलक असा होता :

पहिली पाळी (आक्रमण भारताचे) : भारत ३४, नेपाळ ०
दुसरी पाळी (आक्रमण नेपाळचे) : भारत ३५, नेपाळ २४
तिसरी पाळी (आक्रमण भारताचे) : भारत ७३, नेपाळ २४
चौथी पाळी (आक्रमण नेपाळचे) : भारत ७८, नेपाळ ४०

एवढ्या चार ओळींतून बरेच काही वाचता येते. भारताने आक्रमणात ३४ + ३८ = ७२ गुण, म्हणजे ३६ गडी मिळवले. नेपाळने २४ + १६ = ४० गुण, म्हणजे २० गडी. उरलेले ६ गुण भारताला संरक्षणातून मिळाले : दुसऱ्या पाळीत १ आणि चौथ्या पाळीत ५. चौथ्या पाळीत कर्नाटकच्या चैत्रा बी. यांच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद तग धरला. मोजून पाहा : ३ मिनिटांना पहिला गुण, मग साडेतीन, चार, साडेचार आणि पाच मिनिटांना एकेक. बरोबर ५.

आता वेग काढू. एक पाळी म्हणजे ४२० सेकंद. भारताला एक गडी बाद करायला पहिल्या पाळीत सरासरी सुमारे २५ सेकंद आणि तिसऱ्या पाळीत सुमारे २२ सेकंद लागले. नेपाळला दुसऱ्या पाळीत ३५ सेकंद आणि चौथ्या पाळीत साडेबावन्न सेकंद लागले. नेपाळने चौथ्या पाळीतही आधीचाच वेग राखला असता तर त्यांना १६ऐवजी २४ गुण मिळाले असते. म्हणजे त्या तुकडीने ५ गुण मिळवले हे गुणफलकावर दिसते, पण तिने सुमारे ८ गुण मिळू दिले नाहीत हे दिसत नाही. हा अर्थातच अंदाज आहे. नेपाळच्या खेळाडू थकल्या असतील, मोठ्या पिछाडीने खचल्याही असतील. तरीही मिळवलेल्या गुणांइतकेच वाचवलेले गुण मोलाचे असतात, हे या वजाबाकीतून समजते. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान चैत्रा यांनाच मिळाला.

रकाना नसलेली खेळाडू

खो-खोची नोंद बचावाच्या बाबतीत पुढे आहे, हे आपण पाहिले. मग तिच्यात काही राहून जाते काय? राहते, आणि ते आक्रमणाच्या बाजूला राहते.

ढोकीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर सामना चालला आहे, अशी कल्पना करा. आठ मुली चौकांत बसल्या आहेत, नववी धावते आहे. ती पळणाऱ्या मुलीला हूल देते, खांबाकडे ढकलत नेते आणि नेमक्या क्षणी खो देते. बसलेली मुलगी उठते, दोन पावलांत हात लावते. शिट्टी वाजते. नोंदवहीत गडी कोणाच्या नावावर जातो? उठलेल्या मुलीच्या. पाठलाग करून कोंडी करणाऱ्या आणि वेळेवर खो देणाऱ्या मुलीच्या नावावर काहीच नाही. बास्केटबॉलमध्ये याला असिस्ट म्हटले असते. खो-खोचे नाव ज्या कृतीवरून पडले, त्या खो देण्यालाच नोंदवहीत रकाना नाही.

संरक्षणाच्या वेळेतही असाच घोटाळा असतो. तिघी एकदम उतरतात. पाठलाग करणाऱ्या एकीच्या मागे लागतात तेवढा वेळ बाकीच्या दोघींचे घड्याळही चालूच असते. जिने पाठलाग अंगावर घेतला ती ५० सेकंदांत बाद होते आणि शेवटी उरलेली २ मिनिटे टिकते. या २ मिनिटांत त्या पहिलीचेही काही सेकंद आहेत.

हा केवळ आकडेमोडीचा विषय नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सारिका काळेही पुढे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. खेड्यातल्या मुलीसाठी संघात निवड होणे ही आयुष्याला वळण देणारी गोष्ट ठरू शकते. निवड करणाऱ्यांच्या हातात नोंदवही असते, आणि नोंदवहीत कोंडी करणारीपुढे शून्य असते. जाणत्या प्रशिक्षकाला तिचे मोल कळते, पण ते त्याच्या नजरेपुरतेच राहते. दुसऱ्या गावच्या निवडकर्त्याला ते दाखवता येत नाही.

मैदानावर करून पाहा

शिक्षकांनी हा प्रयोग एका सामन्यात करून पाहावा. साहित्य म्हणून एक घड्याळ, दोन वह्या आणि चार नोंद करणारे विद्यार्थी पुरेत. पहिली जोडी नेहमीप्रमाणे नोंद करील : बाद होणारी, बाद करणारी आणि वेळ. दुसरी जोडी आणखी दोन गोष्टी लिहील. गडी बाद होण्यापूर्वीचा शेवटचा खो कोणी दिला? आणि शेवटून दुसरा कोणी दिला? सामना संपल्यावर दोन्ही वह्यांतून पहिल्या तीन खेळाडूंची क्रमवारी लावावी आणि ती जुळते का ते पाहावे. क्रमवारी पाहण्यापूर्वी संघातल्या प्रत्येकीकडून तिच्या मते उत्तम आक्रमक कोण याचे उत्तर चिठ्ठीवर घ्यावे. चिठ्ठ्या कोणत्या वहीशी अधिक जुळतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये. दहा सामने नोंदवावेत. नोंद करणाऱ्या दोघांचे एकमेकांशी किती वेळा जमत नाही, हेही लिहून ठेवावे. 'शेवटचा खो' ओळखणे सोपे असते. 'कोंडी कोणी केली' यावर मतभेद होतील. तेथे मग सर्वांना पटेल अशी व्याख्या करावी लागेल. गोलंदाजाला झेलाचे श्रेय देण्यापूर्वी आणि ब्लॉकचा रकाना आखण्यापूर्वी कुणाला तरी हेच काम करावे लागले होते.

आणि वर्षअखेर प्रगतिपुस्तके भरायला बसाल तेव्हा ही दुसरी वही एकदा जवळ घ्यावी. त्या तक्त्यातही विषयांचे रकाने आहेत. शेजारच्या मुलाला गणित समजावून देणाऱ्या मुलीसाठी त्यात रकाना आहे का, हेही पाहावे.